घरगुती सर्व्हर : पत्ताशोधन

स्थानिक नेटवर्कवर फायली साठवणे, छायाचित्रे जतन करणे, छपाई अशा कामांसाठी चालू ठेवलेल्या संगणकाचा आयपी पत्ता शोधून काढण्याच्या विविध पद्धती. घरातील पत्ते बहुधा राउटरमधील डीएचसीपी सेवा ठरावीक मुदतीसाठी देते आणि मुदत संपल्यावर किंवा राउटर पुन्हा सुरू केल्यावर ते बदलू शकतात, म्हणून काल लागलेला सर्व्हर आज त्याच पत्त्यावर सापडेलच असे नाही. हे पत्ते १९९६ मध्ये आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने खाजगी वापरासाठी राखून ठेवलेल्या गटांतील (उदा., १९२.१६८ ने सुरू होणारे) असल्यामुळे तेच पत्ते घरोघरी आढळतात व इंटरनेटवरून थेट गाठता येत नाहीत.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे राउटरच्या व्यवस्थापन-पानावरील जोडलेल्या उपकरणांची यादी पाहणे. दुसरा मार्ग १९८२ मधील एआरपी या नियमावलीवर आधारलेला आहे. तीत एखादा आयपी पत्ता कोणाचा, अशी विचारणा नेटवर्कवरील सर्वांना केली जाते व संबंधित यंत्र आपला ४८ बिटांचा हार्डवेअर पत्ता कळवते. त्याचे पहिले तीन बाइट सामान्यतः निर्मात्याचे निदर्शक असल्याने यादीतील अनोळखी उपकरणही बरेचदा ओळखता येते. रास्पबेरी पायच्या सुरुवातीच्या संगणकांचे हार्डवेअर पत्ते, उदाहरणार्थ, ‘बी८:२७:ईबी’ असे सुरू होतात.

या विषयातील खरी प्रगती मल्टिकास्ट डीएनएस या, नावावरून पत्ता शोधण्याच्या पद्धतीमुळे झाली. ॲपलने २००२ मध्ये ही पद्धत ‘रांदेव्हू’ या नावाने आणली. २००५ पासून ती ‘बॉंझूर’ म्हणून ओळखली जाते, तर लिनक्सवर हेच काम ‘अवाही’ करते. स्ट्युअर्ट चेशर व मार्क क्रॉखमल यांनी लिहिलेले तिचे प्रमाणित रूप २०१३ मध्ये आरएफसी ६७६२ म्हणून प्रसिद्ध झाले. तीत नावांची नोंद ठेवणारे मध्यवर्ती यंत्र नसते. ‘.लोकल’ने संपणाऱ्या नावाची विचारणा २२४.०.०.२५१ या सामाईक पत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर केली जाते आणि ज्याचे ते नाव असेल तोच संगणक उत्तर देतो. नाव धारण करण्यापूर्वी प्रत्येक यंत्र २५० मिलिसेकंदांच्या अंतराने तीन वेळा चौकशी करते. नाव आधीच घेतलेले आढळल्यास दुसरे निवडते, बहुधा मूळ नावाला ‘-२’ जोडून. पत्ता बदलला तरी नाव टिकते, हा तिचा सर्वांत मोठा गुण होय. मात्र ही विचारणा राउटर पुढे पाठवत नाहीत, त्यामुळे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवरून सर्व्हर सहसा दिसत नाही.

‘.लोकल’ हे अंत्यपद अनेक कार्यालयांच्या अंतर्गत डीएनएसमध्ये आधीपासून वापरात असल्याने दोहोंचा संघर्ष होतो. या अंत्यपदाच्या निवडीबाबत मतभेद आहेत. घरगुती डीएनएससाठी ‘होम.आर्पा’ हे वेगळे अंत्यपद २०१८ मध्ये राखून ठेवण्यात आले.

एनमॅप (१९९७) : पत्त्यांचा संपूर्ण गट तपासणारे साधन, केवळ स्वतःच्या किंवा परवानगी असलेल्या नेटवर्कवर वापरावे.

पत्ता आरक्षण : राउटरमध्ये हार्डवेअर पत्त्याशी आयपी पत्ता कायमचा बांधून ठेवता येतो, सर्व्हर रोजच्या वापरातला असल्यास हाच उपाय सर्वाधिक भरवशाचा आहे.