उन्हाळा, तेल आणि गाडीचे हादरे

मोटारगाडी जन्माला आली तेव्हा तिने घोडागाडीचेच पोलादी पाटे उसने घेतले. पोलादी स्प्रिंगचा गुण असा, की हवामान बदलले तरी ती फारशी बदलत नाही. तापमान 10 अंश सेल्सिअसवरून 45 अंशांवर गेले, तर पोलादाचा ताठरपणा जेमतेम एक टक्का घटतो. मग उन्हाळ्यात तीच गाडी त्याच रस्त्यावर वेगळी का चालते? कारण स्प्रिंगच्या दोन सोबत्यांत आहे. एक टायरमधली हवा, दुसरे शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधले तेल.

हवा भरलेला टायर डनलॉप यांनी 1888 साली बेलफास्टमध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी बनवला. 1895 च्या पॅरिस-बोर्दो शर्यतीत मिशलँ बंधूंनी असे टायर मोटारीवर चढवले. वायूचे तापमान वाढले की दाब वाढतो, हे आपण वर्गात शिकवतोच. 20 अंशांना 30 पौंड भरलेली हवा 45 अंशांना सुमारे 34 पौंड होते. टायर ताठ होतो आणि बारीक खडीही जाणवू लागते.

तेलाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. स्प्रिंग हादरा झेलते, पण नंतर हेलकावत राहते. हे हेलकावे थांबवण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी त्र्युफो आणि हार्टफर्ड यांची घर्षणावर चालणारी साधने आली. ती लहान धक्क्यांना अडून बसत आणि मोठ्या धक्क्यांना अपुरी पडत. म्हणून द्रवाकडे लक्ष गेले. बारीक छिद्रांतून तेल ढकलणारा दट्ट्या जितक्या वेगाने हलतो, तितका विरोध वाढतो. पण तापलेले तेल पातळ होते, विरोध कमी होतो आणि गाडी झुलू लागते. शिवाय हादऱ्याची ऊर्जा शेवटी तेलातच उष्णता बनून उतरते. त्यामुळे खराब रस्त्यावर तेल बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते.

यावर तीन बाजूंनी उपाय झाले. 1929 साली डीन व डेव्हिस यांनी तापमानाबरोबर तेलाची श्यानता किती बदलते हे मोजण्याचा निर्देशांक मांडला. त्यामुळे कमी बदलणारे तेल निवडता येऊ लागले. अभियंत्यांनी छिद्रे व झडपा अशा घडवल्या, की विरोध श्यानतेवर कमी अवलंबून राहावा. आणि 1950 च्या दशकात फ्रान्सच्या द कार्बाँ यांनी एकाच नळीत तेलाशेजारी उच्च दाबाचा वायू कोंडून तापल्या तेलाला फेस येणे रोखले. 1955 च्या सित्रोएन डीएस गाडीत तर स्प्रिंगच नायट्रोजन वायूची होती. वायूचे आकारमान तापमानाने बदले, म्हणून तेल आत-बाहेर करून गाडीची उंची राखणारी यंत्रणा तिला द्यावी लागली.

हा इतिहास केवळ आरामाचा नाही. शॉक अ‍ॅब्सॉर्बर निकामी झाला तर चाक रस्त्यावरून उसळते, आणि जमिनीला न टेकलेल्या चाकाचा ब्रेक गाडीला थांबवू शकत नाही. उन्हात तापलेल्या टायरमधली वाढलेली हवा काढून टाकण्याची सवय तर उलटीच पडते. टायर निवल्यावर दाब गरजेपेक्षा खाली जातो. पुढच्या प्रवासात टायरच्या बाजू जास्त वाकतात, जास्त तापतात आणि टायर फुटू शकतो. हवा तपासावी ती सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी.

वर्गात करून पाहण्यासाठी दोन परीक्षानळ्यांत एरंडेल घ्या. एक साध्या पाण्यात, दुसरी 40 अंशांच्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा आणि दोन्हींत काचेचा सारखाच मणी सोडा. 20 अंशांच्या मानाने 40 अंशांना एरंडेलाची श्यानता सुमारे एक चतुर्थांश उरते. मणी तळाशी जायला लागलेला वेळ विद्यार्थ्यांनाच मोजू द्या. शॉक अ‍ॅब्सॉर्बर घडवणाऱ्यांपुढची अडचण त्यांना आकड्यांतच दिसेल.