भाताच्या पेशीत डीएनए तुटला की कोण धावून येतं?

भाताचं रोप दिवसभर उन्हात उभं असतं. सावलीत सरकायची सोय त्याला नाही. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे पानांच्या पेशींतल्या डीएनएची शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात आणि तेवढा भाग पेशीला नीट वाचता येत नाही.

त्यावर भाताकडे फोटोलायेज नावाचं प्रथिन आहे. ते चिकटलेल्या जागी जाऊन बसतं आणि चक्क उजेडाचीच ऊर्जा वापरून ती अक्षरं सुटी करतं. (माणसाकडे हे प्रथिन नाही. आपल्या त्वचेला दुसऱ्या, बऱ्याच संथ पद्धतीवर भागवावं लागतं.) जपानमधली सासानिशिकी ही भाताची जात अतिनील किरण सोसते, तर नोरिन-१ चटकन मार खाते. तोहोकू विद्यापीठातल्या संशोधकांनी याचं कारण शोधलं: या प्रथिनातलं १२६ क्रमांकाचं अमिनो आम्ल दोन्ही जातींत वेगळं आहे. फरक फक्त एका अमिनो आम्लाचा! बंगालकडच्या सुरजमुखी जातीत आणखी एक बदल आहे आणि ती नोरिनपेक्षाही नाजूक आहे.

डीएनएचे दोन्ही धागे एकदम तुटले तर मात्र प्रकरण गंभीर. तुटलेल्या टोकांवर केयू-७० आणि केयू-८० या प्रथिनांची जोडी कड्यासारखी चढते. एटीएम नावाचं प्रथिन जवळच्या एचटूएएक्स या हिस्टोनवर फॉस्फेटची खूण करतं. ही खूण आजूबाजूला पसरते. चमकणारा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर केंद्रकात ठिपके दिसतात. एक ठिपका म्हणजे साधारण एक तुटलेली जागा.

पुढे दोन वाटा. आरएडी-५१ हे प्रथिन धाग्यावर रांगेनं बसून डीएनएची जुळणारी प्रत शोधतं आणि तिच्यावरून अचूक दुरुस्ती होते. केयूची वाट झटपट टोकाला टोक जोडते, पण त्यात कधी एखादं अक्षर गळतं, कधी जास्तीचं शिरतं.

जनुक संपादनात हीच चूक कामाला येते. क्रिस्परची कात्री फक्त कापते, शिवण पेशीच घालते आणि शिवणीत अक्षर चुकलं की ते जनुक बंद पडू शकतं. मे २०२५ मध्ये भारतात जाहीर झालेल्या 'कमला' आणि 'पुसा डीएसटी राईस १' या भाताच्या जाती याच तंत्रानं तयार झाल्या आहेत.