कात : हिरड्यांच्या दाहावरील उपयोग

खैराच्या (सेनेगॅलिया कॅटेचू, जुने नाव अकेशिया कॅटेचू) गाभ्यापासून काढलेला तुरट अर्क. पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा परिसरात राहणाऱ्या कातकरी (काथोडी) जमातीचे नाव यावरूनच पडले. खैराच्या लालसर गाभ्याच्या ढलप्या मडक्यांत उकळायच्या, पाणी गाळून पुन्हा आटवायचे आणि घट्ट झालेल्या रसाच्या वड्या पाडायच्या, हा त्यांचा पिढीजात धंदा. इंग्रजी अमलात जंगले राखीव झाली, खैरतोडीवर बंधने आली. कातकरी कोळसा पाडू लागले, पुढे वीटभट्ट्यांवर गेले. ज्यांच्या हातचे हे औषध, त्यांच्याच हातून त्याचे झाड गेले. काताच्या नोंदीत हे आलेच पाहिजे.

काताचा खडा जिभेवर ठेवला की आधी कडवट लागतो, मग तोंड कोरडे पडते आणि हिरड्या आवळून आल्यासारख्या वाटतात. ही टॅनिनांची करणी : लाळेतील व हिरड्यांवरील प्रथिनांशी ती बांधली जातात. दाहावर काम करतात ती कातातील कॅटेचिन व एपिकॅटेचिन ही द्रव्ये. दातांच्या मुळाशी साचलेल्या जिवाणूंच्या थराविरुद्ध शरीर दाहकारक संदेशद्रव्ये सोडते. त्यांच्या भरात कोलॅजन तोडणारी विकरे सुटतात, हिरडी सुजते, रक्त येते आणि पुढे दाताभोवतीचे हाडही झिजते. प्रयोगशाळेत कॅटेचिने ही संदेशद्रव्ये व विकरे दोन्ही मंदावताना दिसली आहेत. हिरडी मऊ पडून रक्त येण्याच्या विकाराला सुश्रुतसंहितेत ‘शीताद’ म्हटले आहे. मुखरोगांवरची खदिरादि (खदिर म्हणजे खैर) वटी आजही मिळते.

मात्र दातांवर चढलेले कीटण कातामुळे निघत नाही. ते दंतवैद्याकडूनच खरवडून घ्यावे लागते. काताच्या गुळण्या फार तर जोडीला. वनस्पतिजन्य म्हणून निर्धोक, असेही नव्हे. खैरातील कॅटेचिन आणि एका चिनी मुळातील बायकॅलिन यांचे फ्लॅव्होकॉक्सिड हे मिश्रण अमेरिकेत सांधेदुखीसाठी पोटात घेतले जाई. यकृत व फुप्फुसांना इजा झाल्याच्या तक्रारींवरून २०१७ मध्ये तेथील औषध प्रशासनाने इशारा दिला आणि २०१८ मध्ये ते बाजारातून परत घेतले गेले.

पानातला किंवा गुटख्यातला कात औषधात मोडत नाही. सोबतची सुपारी कर्करोगकारक आहे आणि तिच्यामुळे तोंड उघडेनासे होते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे.