वज्रलेप आणि क्षारहारक लेप

ढोकीजवळील तेर म्हणजेच प्राचीन तगर. तेथील त्रिविक्रम व उत्तरेश्वर हीं मंदिरें विटांचीं. पाण्यावर तरंगणाऱ्या हलक्या विटांविषयींहि हें गांव प्रसिद्ध आहे. सच्छिद्र वीट पाणी सहज पिते. तें सुकतांना त्यांतील क्षारांचे स्फटिक होऊन विटेस आंतून फोडतात. यासच लोणा लागणें म्हणतात.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील वज्रलेप चिरकाल टिकण्यासाठीं सांगितला आहे. क्षारहारक लेप मात्र काढून टाकण्यासाठींच लावावयाचा. कागदाचा लगदा किंवा चिकणमाती शुद्ध पाण्यांत भिजवून थापली असतां क्षार विरघळून तींत उतरतात व वाळल्या लेपाबरोबर निघतात.

लेप किती पाणी धरतो, हें कोरडा व भिजलेला तोलून कळतें. परंतु अधिक पाणी धरणारा तोच उत्तम, असें आम्हांस वाटत नाहीं. पाणी फार झाल्यास क्षार भिंतींत अधिकच खोल जातात. आणि लेपाचीं छिद्रें विटेच्या छिद्रांहून सूक्ष्म नसल्यास वाळतांना तो पाणी नीट ओढीत नाहीं. म्हणून प्रथम त्याच जातीच्या सुट्या विटेवर परीक्षा करावी. या भिंती तगराच्या इतिहासाचा मूळ पुरावा होत. घाईच्या उपचारानें तो नष्ट होऊं नये, एवढीच आमची विनंति.