बुडालेल्या जहाजाजवळ डायव्हिंग: बोट ठरवण्यापूर्वी काय तपासावे?

समुद्रतळाशी बुडालेले जहाज पाहण्यासाठी केलेल्या स्कूबा डायव्हिंगला रेक डायव्हिंग म्हणतात. गोव्यात ग्रँड बेटाजवळ असे अवशेष तुलनेने कमी खोलीवर आहेत. इजिप्तजवळ तांबड्या समुद्रात १९४१ साली बुडालेले ‘थिसलगॉर्म’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज सुमारे ३० मीटर खोल आहे. श्रीलंकेच्या बट्टिकलोआजवळील ‘हर्मिस’ ही १९४२ साली बुडालेली विमानवाहू नौका तर ५० मीटरपेक्षा खोल आहे. हौशी डायव्हरसाठी कमाल मर्यादा ४० मीटर मानली जाते, म्हणून तिथे विशेष प्रशिक्षणाशिवाय जाऊ नये.

बोट निवडताना आपण भाडे, जेवण आणि फोटो पाहतो. पण त्याआधी एक प्रश्न विचारा: पाण्याबाहेर आल्यावर कोणाला त्रास झाला, तर पहिल्या तासात ही बोट काय करू शकेल?

धोका कशामुळे होतो?

३० मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या चौपट असतो. त्या दाबाखाली श्वासातील नायट्रोजन रक्तात व ऊतींमध्ये जास्त विरघळतो. डायव्हर वेगाने वर आला, तर सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखे शरीरात बुडबुडे तयार होतात. याला डीकंप्रेशन सिकनेस म्हणतात. सर्व नियम पाळूनही तो क्वचित होऊ शकतो.

बोटीवर काय असावे?

- ऑक्सिजन: हा सर्वांत महत्त्वाचा प्रथमोपचार आहे. मिनिटाला १५ लिटर या वेगाने एका रुग्णाला तासाला ९०० लिटर ऑक्सिजन लागतो. किनारा दोन तासांवर असेल तर १८०० लिटर हवा. “ऑक्सिजन आहे” एवढ्या उत्तरावर थांबू नका. सिलिंडर किती लिटरचा, भरलेला आहे का, घट्ट बसणारा मास्क आहे का आणि तो लावायला कोण शिकले आहे, हे विचारा.
- संपर्क: मोबाइलला खोल समुद्रात रेंज नसते. चालू स्थितीतला व्हीएचएफ रेडिओ हवा. भारतात तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे.
- उपचाराची जागा: सर्वांत जवळचे रीकंप्रेशन चेंबर कुठे आहे आणि तिथे कसे पोहोचवणार, हे चालकाला आधीच माहीत असावे.
- वर घेण्याची सोय: मजबूत शिडी हवी. बेशुद्ध माणसाला पाण्यातून वर कसे घेणार, तेही विचारा.
- हजेरी: पाण्यात उतरताना आणि बोट हलण्यापूर्वी प्रत्येकाचे नाव घेऊन मोजणी व्हायला हवी. डायव्हर पाण्यात असताना बोटीवर चालक असलाच पाहिजे.
- शुद्ध हवा: हवा भरण्याच्या कंप्रेसरजवळ इंजिनाचा धूर येत असेल, तर त्या बोटीने जाऊ नका. धुरातील कार्बन मोनॉक्साइड पाण्याखाली घातक ठरतो.

तुमची तब्येत

दमा, हृदयविकार, फिट येणे, पूर्वी फुप्फुस फाटणे किंवा कानाची शस्त्रक्रिया झाली असल्यास आधी डॉक्टरांना भेटा. गरोदरपणात डायव्हिंग टाळा. सर्दीने कान बंद असतील तर त्या दिवशी उतरू नका. चालकाने तब्येतीची प्रश्नावली न वाचताच “फक्त सही करा” म्हटले, तर दुसरी बोट शोधा. बोट लागू नये म्हणून घेतलेल्या काही गोळ्यांनी झोप येते. गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या.

त्रास झाल्यास

सांधेदुखी, मुंग्या येणे, हातपाय लुळे पडणे, चक्कर, अंगावर चट्टे, धाप किंवा विलक्षण थकवा ही लक्षणे बहुधा पहिल्या काही तासांत दिसतात, कधी एक दिवसानंतरही. नातेवाईकांनी ती “बोट लागली असेल” म्हणून सोडून देऊ नयेत.

- रुग्णाला आडवे झोपवा आणि ऑक्सिजन लावा.
- तो पूर्ण शुद्धीवर असेल तरच पाणी द्या.
- पुन्हा पाण्यात उतरवू नका.
- ऑक्सिजनने बरे वाटले तरी रुग्णालयात न्या आणि “आज डायव्हिंग केले आहे” हे पहिल्याच वाक्यात सांगा.

परतीचे विमान

एकच डाइव्ह केला असेल तर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवसांच्या सहलीनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळा. टप्प्याटप्प्याने थांबत वर यावे लागले असेल, तर याहूनही जास्त वेळ थांबा. तिकीट काढण्याआधीच हा हिशेब करा.