नांदायला नकार

दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. लग्नाची बायको नांदायला येत नाही, तिला पाठवा, अशी मागणी होती. बायको म्हणजे रखमाबाई. अकराव्या वर्षी घरच्यांनी त्यांचं लग्न लावून दिलं होतं. पुढे त्या सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच राहिल्या, शिकल्या. अजाण वयात, संमतीवाचून झालेलं लग्न आपल्यावर बंधनकारक नाही, ही त्यांची भूमिका होती.

न्या. पिन्ही यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळला. अपिलानंतर चक्र उलटं फिरलं. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी बजावलं : नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैदेची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या.

आईबापांनी लावलेलं लग्न मुलीला नाकारता येतं का, हा त्यांचा प्रश्न कायद्याने फार सावकाश हाताळला.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधाचं किमान वय दहावरून बारावर नेलं. त्याचा अंकुश नवऱ्यावर होता. मुलीचं लग्न लावण्याचा बापाचा अधिकार शाबूत राहिला. त्या अधिकाराला हात घातला १९२९ च्या सारडा कायद्याने. मुलीचं वय चौदा, मुलाचं अठरा. त्याआधी लग्न लावणाऱ्या पालकाला एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. शिक्षा झाली तरी लग्न कायम! या कायद्याने मुलीच्या हाती काहीच दिलं नाही.

हिंदू मुलीच्या हाती काही आलं ते १९७६ मध्ये. पंधरा वर्षांच्या आत लग्न झालेल्या मुलीला, अठरा पूर्ण होण्याआधी ते नाकारून घटस्फोट मागण्याची मुभा मिळाली. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने पुढचं पाऊल टाकलं : अल्पवयात लग्न झालेली मुलगी विसावं वर्ष पूर्ण होण्याआधी जिल्हा न्यायालयात अर्ज करून ते लग्नच रद्द करून घेऊ शकते. मुलालाही हा हक्क आहे. अर्जदार अज्ञान असेल तर पालक किंवा वादमित्र बालविवाह प्रतिबंध अधिकाऱ्यासोबत अर्ज करतो.

पण पोटाला घालणाऱ्यांच्याच विरोधात कोर्टाची पायरी चढणं सोपं नाही, आणि मुदत संपली की हा मार्ग बंद होतो. म्हणून ही तरतूद मुलींना शाळेत असतानाच, नववी-दहावीच्या वर्गात नीट समजावून सांगितली पाहिजे. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकासकट.