नव्या टायरची चकाकी

मोटारसायकल रस्त्याला धरून राहते ती तळहाताएवढ्या दोन पट्ट्यांच्या जोरावर. वळणावर मोटार जवळजवळ सपाट राहते, मोटारसायकल मात्र कलते. म्हणून तिच्या टायरचा छेद गोलसर असतो आणि वळताना सगळा भार कडेवर येतो. टायर पारखून घेणे आणि नवा टायर पहिले काही दिवस जपून चालवणे या दोन्ही चाली यातूनच पडल्या. त्या पडायला मात्र बराच काळ जावा लागला. पहिल्या पिढीच्या चालकांना पकडीची चिंता करायला सवडच नव्हती. टायर फुटू नये आणि रिमवरून निसटू नये, एवढेच त्यांचे मागणे होते.

डाइमलरने 1885 मध्ये बनवलेल्या दुचाकीला लाकडी चाके होती आणि त्यांवर बैलगाडीसारखी लोखंडी धाव होती. रबराला उष्णता आणि गंधक देऊन टिकाऊ करण्याची रीत चार्ल्स गुडइयरला 1839 मध्येच सापडली होती. हवा भरलेल्या टायरचे पेटंट रॉबर्ट थॉमसनने 1845 मध्ये घेतले होते, पण ते विस्मरणात गेले. बेलफास्टमधला पशुवैद्य जॉन डनलॉप याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच युक्ती पुन्हा शोधली आणि 1888 मध्ये पेटंट घेतले. थॉमसनचे आधीचे पेटंट उजेडात आल्यावर डनलॉपचे पेटंट पुढे रद्द ठरले, पण हवेचा टायर तोवर सायकलींवर रुळला होता. म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी 1894 पासून विक्रीसाठी बनवलेल्या मोटारसायकलीला हवेचे टायर होते.

त्या काळचे टायर कडेच्या जाड ओठाने रिमच्या आत वळलेल्या काठात अडकत आणि आतल्या हवेच्या दाबाने जागी राहत. हवा कमी झाली की ओठ सुटे आणि टायर चाकाबाहेर येई. 1907 मध्ये आइल ऑफ मॅन बेटावरची पहिली टीटी शर्यत झाली. तिच्यात दोन सिलिंडरच्या गाड्यांचा गट नॉर्टनवर बसलेल्या रेम फाउलरने जिंकला, तोही वाटेत टायर फुटल्यामुळे थांबून. रबरात काजळी मिसळली की ते झिजेला कितीतरी पटींनी पुरते, हे त्याच सुमारास उमगले होते. आधीचे फिकट रंगाचे टायर मागे पडून काळा टायर रूढ झाला तो यामुळे. 1920 च्या दशकात काठात पोलादी तार असलेला टायर आणि मध्ये खोल असलेली रिम आली, आणि टायर निसटण्याची भीती बहुतांशी सरली. आजही पंक्चरवाला टायरचा एक काठ रिमच्या मधल्या खोलगटात ढकलतो आणि मगच दुसऱ्या बाजूने पाना घालतो. ती खोली तेव्हाची देणगी आहे.

टिकण्याची खात्री झाल्यावर निवडीचा खरा प्रश्न पुढे आला. पुढचे चाक गाडीला दिशा देते, म्हणून त्याच्या टायरवर परिघाच्या दिशेने सरळ खाचा ठेवल्या गेल्या. मागचे चाक जोर लावते, म्हणून त्याच्यावर ठोकळ्यांची नक्षी आली. ही जोडी कित्येक दशके टिकली. दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम रबराची मिश्रणे सुधारली आणि ओल्या रस्त्यालाही चिकटून राहणारे, पण लवकर झिजणारे टायर बनू लागले. तेव्हापासून आजतागायत गिऱ्हाइकापुढे तीच कोंडी आहे: मऊ रबर पकड देते, कडक रबर किलोमीटर देते.

1960 च्या दशकात डनलॉपने शर्यतींसाठी त्रिकोणी छेदाचा टायर काढला. गाडी कलल्यावर रस्त्याला जास्त रबर टेकावे, हा त्यामागचा हेतू होता. त्याच कंपनीच्या के81 टायरवर माल्कम अपहिलने 1969 मध्ये टीटीची फेरी ताशी शंभर मैलांहून अधिक सरासरी वेगाने पूर्ण केली. त्याची ट्रायम्फ बॉनव्हिल बाजारात मिळणाऱ्या गाड्यांच्या गटातली होती. त्या टायरला पुढे टीटी100 हे नाव मिळाले. चांगला टायर म्हणजे फक्त जास्त दिवस चालणारा टायर नव्हे, हे सामान्य चालकाला अशा प्रसंगांनी पटले.

नवा टायर जपून चालवण्याचे कारण कारखान्यात आहे. कच्चा टायर तापलेल्या पोलादी साच्यात दाबून भाजला जातो आणि साच्याच्या गुळगुळीत भिंतीचा ठसा त्याच्या अंगावर उमटतो. साच्यातली हवा बारीक छिद्रांतून बाहेर पडते, तिच्यामागे रबरही शिरते. नव्या टायरवर दिसणारे केस ते हेच. टायर साच्याला चिकटू नये म्हणून लावलेला निसरडा लेप पूर्वी पृष्ठभागावरही राहत असे. अनेक कंपन्यांनी बाहेरच्या बाजूचा हा लेप सोडला आहे, पण चकाकी गेलेली नाही. कारण ती केवळ लेपाची नसून साच्याचीही आहे. रस्त्यावर घासून ती वरची साय खरबरीत झाली की टायर धरू लागतो. शिवाय जुना टायर मधोमध चपटा झालेला असतो. नव्याचा गोल छेद हाताखाली आला की गाडी अचानक चटकन कलू लागते. म्हणून सवय टायरला लागते तशी चालकालाही लागावी लागते. साधारण दीडशे किलोमीटर जोराचा ब्रेक आणि जोराची उसळी टाळावी आणि कल हळूहळू वाढवत न्यावा, असा उत्पादकांचा सर्वसाधारण सल्ला असतो. सगळे अंतर सरळ रस्त्यावर कापले तर फक्त मधली पट्टी घासते आणि कडा कोऱ्याच राहतात. घाटात पहिल्याच वळणावर दगा देतात त्या याच कडा.

भारतात टायरचा पहिला कारखाना डनलॉपने 1936 मध्ये बंगालमधल्या साहागंज इथे काढला. मुंबईत भांडुपला सिएट 1958 मध्ये आली आणि 1961 मध्ये मद्रासजवळ एमआरएफचा कारखाना उभा राहिला. त्या काळात निवड फारशी नव्हती. बुलेटला 3.25-19 आणि बजाजच्या स्कूटरला 3.50-10 हे माप ठरलेले. दुकानात जे येईल ते घ्यायचे आणि गोटा होईपर्यंत चालवायचे. 2007 मध्ये पल्सरच्या मोठ्या गाड्या ट्यूबलेस टायर लावून आल्या. रेडियल टायर परदेशी मोटारसायकलींवर 1980 च्या दशकातच आले होते. इथे ते फार उशिरा दिसू लागले. निवड वाढली तशी रुंद टायरची हौसही वाढली. ती हौस बहुतेक वेळा नुकसानीची आहे, कारण अरुंद रिमवर रुंद टायर चिमटतो आणि त्याचा छेद बिघडतो.

पारख करायला लागणारे बरेचसे टायरच्या अंगावर छापलेले असते. 90/90-17 49P असे लिहिले असेल तर 90 मिलिमीटर रुंदी, रुंदीच्या 90 टक्के उंची आणि 17 इंचांची रिम. 49 म्हणजे 185 किलो भार आणि पी म्हणजे ताशी 150 किलोमीटरची मर्यादा. उत्पादनाच्या संकेतांकाच्या शेवटच्या चार आकड्यांत 2324 दिसले तर तो टायर 2024 च्या 23 व्या आठवड्यातला. फिरण्याची दिशा बाणाने दाखवलेली असते. टायर बसल्यावर रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का, ते दुकानातच पाहून घ्यावे. दुचाकीच्या टायरची नक्षी 0.8 मिलिमीटरच्या खाली गेलेली आपल्याकडच्या मोटार वाहन नियमांना चालत नाही. पावसाळ्यात मात्र त्या मर्यादेची वाट न पाहता आधीच टायर बदलावा.